ऐन उन्हाळ्यातली परसबाग : कामं कोणत्या क्रमानं करायची

भोपळ्याची पानं दुपारी दोन वाजता ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली की घरातलं कोणीतरी पाइप घेऊन धावतं. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ होतात आणि आपल्या पाण्यानंच वेल वाचला असं वाटतं. मग रोज दुपारी पाणी सुरू होतं. आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडतात, म्हणून खत. खतानंतर पानांच्या कडा करपतात, म्हणून फवारणी. महिन्याभरात वेल जातो आणि दोष उन्हाला दिला जातो.

यातलं पाणी, खत, फवारणी यांपैकी एकही काम मुळात चुकीचं नाही. चुकते ती वेळ आणि चुकतो तो क्रम. उन्हाळ्याच्या मध्यावर झाड आधीच ताणाखाली असतं. अशा वेळी पाहणी, पाणी, आच्छादन आणि सावली ही कामं आधी करायची. तोडणी, छाटणी, खत आणि फवारणी त्यानंतर. खाली सगळं त्याच क्रमानं दिलं आहे. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

## पूर्वतयारी

हत्यारं थोडीच लागतात : एक खुरपं, एक धारदार कात्री, गजासारखी लोखंडी सळई, पांढरा कागद आणि एक वही. कात्री पुसायला स्पिरिट जवळ ठेवा.

दोन गोष्टी मात्र आदल्या दिवशीच करून ठेवा.

पाइपचं माप काढा. दहा लिटरची बादली पाइपखाली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि वहीत लिहा. रोज नळ जेवढा उघडता तेवढाच उघडा. हा एक आकडा हाती आला की ‘भरपूर पाणी घातलं’ या वाक्याला अर्थ येतो. पाण्याच्या बाबतीत मोघमपणा नडतो, आणि या बागेतली निम्मी दुखणी पाण्यातूनच निघतात.

आच्छादनाचा माल जमवा. एक चौरस मीटर वाफ्यावर ७ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर ७० लिटर माल लागतो. वाळलेला पालापाचोळा दबून निम्मा होतो, म्हणजे जमवताना १४० लिटर धरा. वीस लिटरच्या सात बादल्या झाल्या. बहुतेक जण दोन बादल्या पाला पसरतात आणि आच्छादनाचा काही उपयोग होत नाही म्हणतात.

## १. पाहणी : पहिले दोन दिवस फक्त बघा

सकाळी ऊन चढायच्या आत एक फेरी आणि दुपारी एक फेरी. पाणी नेहमीचंच चालू ठेवा, नवीन काहीही करू नका. प्रत्येक वाफ्याबद्दल वहीत दोन शब्द लिहा : सकाळी पानं कशी, दुपारी कशी.

दुपारी पान मलूल होणं हा आजार नाही. मुळं जेवढं पाणी वर ढकलू शकतात त्याहून जास्त पाणी मोठ्या पानांतून उडून जातं, म्हणून झाड पानं पाडून घेतं. भोपळा, काकडी, दोडका यांची पानं रुंद, म्हणून त्यांच्यात हे जास्त दिसतं. खरा निवाडा सकाळी होतो.

- दुपारी मलूल, सकाळी ताठ : काही करायचं नाही.
- सकाळीही मलूल, खालची माती कोरडी : पाणी कमी पडतंय.
- सकाळीही मलूल, खालची माती ओली : पाणी थांबवा. मुळं कुजत आहेत किंवा मर रोग आहे. अशी बरीच झाडं असतील तर एक झाड उपटून त्याचं खोड उभं चिरा. सालीच्या आतला भाग हिरवट-पांढरा न दिसता तपकिरी रेषांचा दिसला तर मर रोग समजा. ते झाड वाचत नाही.

खालची माती म्हणजे वरची धूळ नव्हे. खुरप्यानं ८–१० सेंटिमीटर खोल जाऊन मूठभर माती काढा आणि दाबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर सहज फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर कोरडी. गोळा फुटायच्या ऐवजी चेपला आणि हाताला चिखल लागला, तर ओल जास्त आहे. रेताड मातीचा गोळा मुळात कच्चाच होतो, तिथे हाताला गारवा लागतो का ते पाहा. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द फार नेमका आहे. मुळांना पाणी हवं तशी हवाही हवी, आणि दोन्ही एकत्र असण्याची अवस्था म्हणजे वाफसा. पुढची सगळी कामं या एका शब्दाभोवती फिरतात.

फेरीत प्रत्येक झाडाचं एक तरी खालचं पान उलटून पाहा. वरून हिरवंगार दिसणाऱ्या वांग्याच्या पानामागे किडींची अर्धी वसाहत असते.

> तपासणी : दोन दिवसांनी वहीत प्रत्येक वाफ्यापुढे ‘कोरडा’, ‘वाफसा’ किंवा ‘जास्त ओला’ असा शेरा हवा. तो नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. पाणी : कमी वेळा, पण खोल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून वाचा.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइप फिरवला की वरची दोन-तीन सेंटिमीटर माती भिजते. मुळं ओलीच्या मागे जातात, म्हणून तीही वरच राहतात. आणि उन्हात सगळ्यात आधी तापणारा, सगळ्यात आधी सुकणारा थर हाच. अशा झाडाला मग एक दिवसही पाणी चुकलं तर सोसत नाही. आपणच त्याला तशी सवय लावलेली असते.

किती? मध्यम उन्हात फळभाज्यांच्या वाफ्याला आठवड्याला चौरस मीटरमागे साधारण २५ लिटर पाणी पुरतं. कडक, कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत याच्या दुप्पटही लागतं. ते दोन-तीन पाळ्यांत विभागून द्या. रेताड माती पाणी धरत नाही, तिथे पाळ्या वाढवा आणि प्रत्येक पाळीचं पाणी कमी करा. चिकणमातीत उलट. कुंड्यांचा हिशेब निराळा आहे : त्यांना रोज, लहान कुंड्यांना कधी दोनदाही पाणी लागतं. भर उन्हात काळ्या कुंडीची बाजू हाताला चटका देते, मुळं त्याच बाजूला टेकलेली असतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि कडेच्या कुंड्यांच्या बाहेरून गोणपाट गुंडाळा.

कसं?

1. पहाटे किंवा सकाळी लवकर पाणी द्या. संध्याकाळी चालतं, पण पानं भिजवू नका. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.
2. पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी बाजूला सोडा. उन्हात तापलेल्या पाइपमधलं पाणी कोवळी मुळं आणि खोडं भाजण्याइतकं गरम असू शकतं.
3. आळ्यातली कडक झालेली पापडी खुरप्यानं हलकेच मोडा. दोन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका, तिथे मुळं असतात.
4. आधी हलकं पाणी द्या आणि दहा मिनिटं थांबा. कोरडी ठक्क माती पहिलं पाणी आत घेत नाही, ते बाजूनं वाहून जातं. एकदा ओलसर झाली की मग दुसरं पाणी मुरतं.
5. दुसरं पाणी खोडाच्या बुंध्यात न घालता पानांच्या घेराच्या कडेखाली द्या. पाणी ओढणारी बारीक मुळं तिथे असतात.
6. तासाभरानं सळई मातीत दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरडी लागली की अडते. २० सेंटिमीटरपर्यंत गेली पाहिजे. मोठ्या दगडाला अडली तर बाजूला दुसरीकडे दाबून पाहा.

नियमितपणाला इतकं महत्त्व का, ते टोमॅटोत दिसतं. फळाच्या बुडाशी आधी पाणचट डाग येतो, मग तो काळा, खोलगट आणि चामड्यासारखा होतो. हा रोग किडीमुळे किंवा बुरशीमुळे होत नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोहोचलेलं नसतं. मातीत बहुतेक वेळा ते असतं, पण ते पाण्यासोबतच चढतं, आणि पाणी तुटक मिळालं की पानं ते आधी ओढून घेतात. फळ मागे राहतं. म्हणून चुना, अंड्याची टरफलं, कॅल्शियमच्या गोळ्या असं काहीबाही घालण्याआधी पाण्याच्या पाळ्या सरळ करा. डाग पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. पाळी सरळ झाल्यावर जी फळं धरतील ती चांगली येतील.

चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी धो धो पाणी, असं झालं की पिकत आलेला टोमॅटो तडकतो. आतला गर फुगतो आणि साल तितकी ताणत नाही. काकडी तर ताणाखाली कडू होते. कडूपणा देठाकडे आणि सालीत जास्त असतो.

> इशारा : दुधी कडू लागला तर एक घासही खाऊ नका. कडूपणा आणणारा तो घटक विषारी आहे आणि शिजवल्यानं जात नाही. चिमटीएवढा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा, कडू लागताच थुंका आणि अख्खं फळ फेकून द्या. भोपळा, दोडका, काकडी अतिकडू लागली तरी हेच करा.

भर दुपारी पाणी घालू नये, हे खरं. बरंचसं पाणी वाया जातं. पण एखादं झाड सकाळपासूनच मलूल असेल आणि माती खरोखर कोरडी असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका. त्याच्या मुळाशी लगेच पाणी द्या. नियम झाड वाचवण्यासाठी असतो.

## ३. आच्छादन : आधी ओल, मग थर

क्रम असा : तण काढा, भरपूर पाणी द्या, तासभर मुरू द्या आणि मगच आच्छादन पसरा. कोरड्या मातीवर थर दिला तर कोरडेपणाच झाकला जातो. वरून घातलेलं थोडं पाणी पाल्यातच अडकतं आणि मुळं तहानलेलीच राहतात.

थर ५ ते ७ सेंटिमीटरचा हवा. वाळलेला पाला, वाळलेलं गवत, भाताचा पेंढा, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते चालतं. फक्त त्यात तणाचं बी नको. ताजं कापलेलं हिरवं गवत एकदम जाड पसरू नका. ते आतून तापतं, चिकट होतं आणि हवा अडवतं. पसरायचंच असेल तर दोन सेंटिमीटरचा पातळ थर द्या, तो सुकू द्या, मग दुसरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. बुंध्याला ओला पाला टेकून राहिला की तिथेच कूज सुरू होते.

> तपासणी : आच्छादन केल्यावर चार दिवसांनी पाला बाजूला सारून हाताचा पंजा मातीवर ठेवा. गार आणि ओलसर लागली पाहिजे. तशी लागली तर पाण्याची पाळी एक दिवस पुढे ढकलून पाहा. आच्छादन केलं आणि पाणी पूर्वीइतकंच ठेवलं, तर जास्त ओलीचा त्रास सुरू होतो.

## ४. सावली आणि फूलगळ

टोमॅटोच्या फुलाचा देठ नीट पाहा. मधे एक गाठीसारखा सांधा असतो. फूल गळायचं असलं की आधी तो सांधा पिवळा पडतो, आणि बोट लागताच फूल तिथूनच सुटून येतं. उन्हाळ्याच्या मध्यावर अशी फुलं वाफ्यात पडलेली दिसली की लोक खताची पिशवी काढतात. घाई करू नका. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास गेलं आणि रात्रही २४ अंशांच्या वर राहिली, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फळ धरतच नाही, मग झाड फूल टाकून देतं. मिरची आणि घेवडाही असंच करतात. रात्री निवल्या की झाड आपोआप पुन्हा धरतं. तोवर ते जिवंत आणि धड ठेवणं एवढंच आपलं काम.

पिकण्याचंही तसंच. कडक उन्हाळ्यात टोमॅटो पिवळट-नारिंगीवर अडतो, कारण लाल रंग तयार होण्याची क्रिया साधारण ३० अंशांच्या वर मंदावते. फळावर रंगाची पहिली झाक आली की तोडा आणि घरात सावलीत ठेवा. तिथे ते चांगलं पिकतं, आणि तडकण्यापासून व पक्ष्यांपासूनही वाचतं.

सावलीसाठी शेडनेट बांधताना हे पाळा :

- फळभाज्यांना ३०–४० टक्के ऊन अडवणारी, पालेभाज्यांना ५० टक्क्यांपर्यंतची जाळी. ७५ टक्क्यांची जाळी टोमॅटोवर बांधली तर झाड नुसतं लांबट होतं.
- जाळी झाडांच्या शेंड्यांपासून किमान अर्धा मीटर वर हवी. शेंड्यांना टेकलेली जाळी आत उष्णता कोंडते.
- एकच बाजू झाकता येत असेल तर पश्चिमेची झाका. दुपारनंतरचं ऊन जास्त भाजतं, कारण तोवर हवा आणि जमीन दोन्ही तापलेली असतात.
- बाजू मोकळ्या ठेवा. मधमाश्या आत येता-जाता आल्या पाहिजेत.
- ऊन उतरू लागल्यावर जाळी एकदम काढू नका. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ उघडा आणि मग काढा.

## ५. वेलभाज्या : फुलं भरपूर, फळ नाही

वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या पाठीमागे इवलंसं फळ असतं, नर फूल नुसत्या बारीक देठावर. सुरुवातीला नर फुलंच येतात, आणि उष्णतेत किंवा नत्र जास्त झालं की ती वाढतात. तेव्हा ‘फुलं येतात आणि गळतात’ हे निम्म्या वेळा नर फुलांबद्दल असतं. ती गळणारच.

तक्रार खरी केव्हा? इवलं फळ दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळं पडून वाळतं तेव्हा. याचा बहुधा अर्थ पराग पोहोचला नाही. उन्हात मधमाश्या कमी फिरतात. मग ते काम हातानं करा.

वेळ चुकली तर मेहनत वाया जाते. भोपळा, काकडी, कारली, घोसाळी यांची फुलं पहाटे उमलतात. भोपळ्याचं फूल तर दुपारपर्यंत मिटतं. म्हणून सकाळी लवकर. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. सकाळी दोडक्याच्या वेलापाशी जाऊन काही साधत नाही.

कृती सोपी आहे. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा आणि त्याच्या पाकळ्या मागे सोलून काढा. आत परागाचा दांडा दिसेल. बोटाला लावून पाहा, पिवळी पूड आली पाहिजे. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या गाठीवर हलकेच फिरवा. ही गाठ भागांची असते, बहुधा तीन. प्रत्येक भागाला पूड लागली पाहिजे, एकाच बाजूला लागली तर फळ वाकडं येतं. भोपळ्याच्या एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा. देठाला दोरा बांधून ठेवा. चार-पाच दिवसांत दोऱ्याजवळचं फळ फुगू लागलं तर जमलं.

## ६. तोडणी : उशीर करू नका

भेंडी फूल पडल्यापासून चार-सहा दिवसांत तोडायला येते. ऐन हंगामात दिवसाआड तोडा. टोक वाकवलं आणि कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर निबर. एक निबर भेंडी पानाआड राहून गेली तरी झाड बी पक्व करायच्या मागे लागतं आणि नवीन फुलं मंदावतात. काकडी, दोडका, घेवडा यांचंही तेच. म्हणून खायच्या कामाची उरली नसली तरी निबर फळं काढून टाका. फक्त बियाणासाठी एखादं झाड वेगळं राखलं असेल तर ते सोडा.

वांगं तोडताना सालीची चमक पाहा. अंगठ्यानं दाबलं आणि खळगा भरून आला तर ठीक. चमक गेली असेल आणि खळगा तसाच राहिला, तर ते जून झालं.

ओढून तोडू नका, कात्रीनं देठ कापा. मिरची ओढली की फांदीच हातात येते. तोडणी सकाळी करा, फळ तेव्हा भरलेलं आणि गार असतं.

## ७. छाटणी आणि आधार

उन्हाळ्यात छाटणी हात आखडून करावी. ‘हवा खेळू दे’ म्हणून टोमॅटोची पानं उतरवली की उघडी पडलेली फळं भाजतात : उन्हाच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा येतो आणि मग तिथे बुरशी बसते. पानं ही फळांची छत्री आहे.

काढायचं ते एवढंच : मातीला टेकलेली खालची पानं, पिवळी आणि रोगट पानं, मोडलेल्या फांद्या. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारी फांदी, बोटभर असतानाच खुडा. बुटक्या, झुडपी जातीची खुडू नका, तिचं फळ त्याच फांद्यांवर येतं. कोणतंही झाड एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. रोगट झाडाला लावलेली कात्री स्पिरिटनं पुसून मगच पुढच्या झाडाला लावा.

आधार आत्ताच तपासा. फळांनी वजन वाढलं की काठी कलते. बांधताना सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्या, एक फास काठीला आणि एक खोडाला. खोडाचा फास सैल हवा, त्यात करंगळी जाईल इतका.

## ८. खत

इथवर आलात आणि माती वाफशावर असेल, तरच खत.

कोरड्या मातीत दिलेलं खत मुळांतलंच पाणी बाहेर ओढतं. पानांच्या कडा तपकिरी होतात आणि झाड तहानल्यासारखं दिसतं. मिरचीची सहा रोपं मी अशीच घालवली आहेत. त्या दिवशी माती उकरून पाहिली असती तर ती वाचली असती, याची मला अजून हळहळ वाटते.

फळं धरू लागलेल्या झाडाला तीन-चार आठवड्यांतून एकदा दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. आच्छादन बाजूला करा, पानांच्या घेराखाली खत पसरा, वरच्या मातीत हलकेच मिसळा, पाणी द्या, आच्छादन परत ओढा. अर्धकच्चं शेणखत टाळा. पानं गर्द हिरवी, वाढ जोमात आणि फुलं कमी असतील तर नत्र आधीच जास्त आहे, काहीही देऊ नका. उष्णतेची लाट चालू असेल तर ती ओसरेपर्यंत थांबा.

## ९. किडी : आधी ओळख, मग उपाय

कोरड्या उन्हाळ्यातला मोठा शत्रू लाल कोळी, ही पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड. वांगी, भेंडी, काकडी, घेवडा यांच्या पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतात, मग पान राखाडी पडतं आणि शेवटी जाळी धरते. संशय आला की पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला टिचकी मारा. कागदावर मिरपुडीसारखे कण पडतील. अर्धा मिनिट नजर हलवू नका. कण चालू लागले तर कोळी आहे. त्याला ओलावा मानवत नाही. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोराचं पाणी मारा, दिवसाआड, आठवडाभर. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

मिरचीची पानं वर, होडीसारखी वळली तर फुलकिडे. खाली वळून लांबट झाली तर कोळी. कोवळ्या शेंड्यांवर मावा असेल तर पाण्याचा फवारा किंवा ओल्या बोटांनी पुसणं पुरे. भेंडीच्या पानांच्या शिरांची पिवळी जाळी दिसू लागली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटून बागेबाहेर काढा, जीव तुटला तरी. एक झाड राखण्यापायी सगळी रांग जाते.

काकडी-भोपळ्याच्या पानांवर पांढरी पूड म्हणजे भुरी. तिला पान ओलं लागत नाही, म्हणून ती कोरड्या दिवसांतही पसरते. सुरुवातीचीच चार पानं काढून टाका.

निंबोळी तेल वापरायचं तर :

1. लिटरभर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण, मग ५ मिलिलिटर तेल. नीट ढवळा, तेल वर तरंगता कामा नये.
2. दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. काकडीचं पान नाजूक, तिला आधी निम्म्या ताकदीचं द्या.
3. ऊन उतरल्यावर, मधमाश्या परतल्यावरच फवारा. पानांच्या खालून मारा.
4. संध्याकाळी फुलणाऱ्या दोडक्या-दुधीच्या फुलांवर तेल जाऊ देऊ नका.
5. तयार मिश्रण उद्यासाठी ठेवू नका.

> इशारा : मलूल झाडावर कोणतीही फवारणी नको. आधी पाणी, दुसऱ्या दिवशी फवारणी. संध्याकाळीही हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तेल पान भाजतं.

## १०. मोकळ्या जागेत पुढची पेरणी

थकलेल्या झाडांची जागा रिकामी ठेवू नका, उघडी माती भाजून निघते. काढताना निरोगी झाड जमिनीलगत कापा आणि मुळं आतच राहू द्या. ती कुजून पाण्याला वाट करून देतात. रोगट झाड मात्र मुळासकट काढा.

काय पेरायचं ते माती ठरवते. लेट्यूसचं बी साधारण ३० अंशांच्या तापल्या मातीत झोपूनच राहतं, पालकही विरळ उगवतो, आणि कोथिंबीर उगवली तरी लवकर फुलावर जाते. राजगिरा, माठ, भेंडी, चवळी यांना हीच माती आवडते. काकडीची दुसरी लावण आत्ता केली तर पहिला वेल थकेपर्यंत ती हाताशी येते.

भेंडीचं बी रात्रभर, फार तर बारा तास भिजवा. वाफा आदल्या संध्याकाळी पूर्ण भिजवून ठेवा. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बी पेरा, नेहमीपेक्षा किंचित खोल, आणि पुन्हा हलकं पाणी द्या. मग ओलं गोणपाट अंथरा आणि ते सकाळ-संध्याकाळ झारीनं ओलं ठेवा. तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक कोपरा उचलून पाहा. मातीला बारीक भेगा पडून पांढरट, वाकलेले कोंब वर आलेले दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. सकाळी काढलं तर कोंब पहिल्याच दिवशी उन्हात सापडतात. आणखी दोन दिवस ठेवलं तर ते गोणपाटाच्या विणीत घुसतात आणि काढताना मोडतात.